कुलूपबंद घरं आणि मोहरलेल्या बागा

फाल्गुन लागला की आमच्या कोकणात दोन गोष्टी एकदम डोळ्यांत भरतात. एक म्हणजे झाडं. कलमांवर मोहोर आणि त्यातच कणी धरलेली, काजूला पिवळी-तांबडी बोंडं, पांगाऱ्याला एकही पान नाही पण लाल फुलं ओसंडून वाहताहेत, सुरंगीचा वास सकाळी रस्त्यापर्यंत येतो. दुसरी गोष्ट म्हणजे कुलपं. बाणकोटपासून दाभोळपर्यंत खाडीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या आपल्या कुठल्याही मोहल्ल्यातून एकदा चालत जा. दुमजली, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांची, रंगीत काचांच्या खिडक्यांची घरं आहेत. दारात गंजलेलं कुलूप आणि ओटीवर पाचोळा. मालक मुंब्र्यात, नाहीतर कुवेतला, नाहीतर दोहाला. घर उघडतं मे महिन्यात पंधरा दिवस, आणि लग्नाला. घरामागची बाग कोणाला तरी ठेक्याने दिलेली असते.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. ही घरं वसंतापासून पावसाळ्यापर्यंत तरी पाहुण्यांसाठी उघडली पाहिजेत. राहण्या-जेवणाची सोय करावी, पैसे घ्यावेत, आणि हे सगळं स्वतःच्या नावाने करावं. बाग वाचवायची असेल तर घर उघडं पाहिजे आणि घर उघडं राहायचं असेल तर त्यात माणूस पाहिजे. आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर घरं बांधून झाली. त्यांत राहायला आणि त्यांच्यामागची झाडं राखायला मात्र घरात कोणी उरलं नाही.

हे मी बाहेरून बघून लिहीत नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या माहेरच्या घरात गेली काही वर्षं अम्मी आणि भाभी पाहुण्यांची सोय करतात. तीन खोल्या, अंगणात मांडव, मागे नारळी-सुपारीचं आगर आणि वर डोंगरउतारावर थोडी हापूसची कलमं. भाऊ कुवेतला आहे. शनिवारी-रविवारी आणि सुट्टीत मी जाते, नोंदवही लिहिते, फोन घेते, हिशोब बघते. त्यामुळे ह्या धंद्यातलं गोड आणि कडू दोन्ही मला ठाऊक आहे.

शहरातल्या माणसाला वाटतं, बाग म्हणजे सावली आणि फोटो. वसंतात बाग म्हणजे काम. माघातली थंडी सरते, दिवस तापू लागतो आणि मोहोरावर तुडतुडे येतात. रात्री धुकं पडलं की भुरी आणि करपा. फवारणी करावीच लागते, पण मोहोर पूर्ण फुललेला असताना केली तर मधमाश्या मरतात आणि फळधारणा बसते. मार्चमध्ये एकदम ऊन चढलं की सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या कैऱ्या टपाटप गळतात. एप्रिलमध्ये फळमाशी. तिच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे टांगायचे. आंबा चौदा आणे तयार झाला की त्याच विद्यापीठाच्या नूतन झेल्याने देठासकट उतरवायचा. फार पिकू दिला तर आत साका होतो. मग गवताची आढी. ह्या सगळ्याच्या वर वानरं. वानरांपुढे विद्यापीठाचंही काही चालत नाही.

आता ह्याच दिवसांत पाहुणे येतात. शाळांच्या परीक्षा संपायच्या आधी जोडपी आणि म्हातारी मंडळी येतात, नंतर मुलंबाळं. म्हणजे बागेला आणि पाहुण्यांना घरातल्या बाईची गरज एकाच वेळी लागते. त्यात दोघांच्या गरजा एकमेकींच्या आड येतात. फवारणी सुट्टीच्या दिवशी करता येत नाही, म्हणून भाभीने सोमवार-मंगळवार ठरवून टाकले आहेत. त्या दोन दिवशी वरच्या बागेत पाहुण्याला सोडत नाही, कितीही ओळखीचा असो. दुसरं भांडण पाण्याचं. एप्रिलमध्ये विहीर खाली जाते. शहरातला माणूस शॉवरखाली वीस मिनिटं उभा राहतो आणि तिकडे सुपारी माना टाकते. ह्यावर उपाय एकच निघाला. न्हाणीघरात बादली आणि तांब्या, आणि न्हाणीचं पाणी चर काढून थेट केळींना आणि अळूला. कारण विचारलं तर भाभी पाहुण्याला विहिरीपाशी नेते आणि आत डोकवायला सांगते. त्यानंतर बहुतेकजण स्वतःच पाणी जपून वापरतात.

असं असेल तर बाग आणि पाहुणे वेगवेगळे का ठेवू नयेत? कारण एकट्या बागेवर घर चालत नाही, हे आम्हाला ३ जून २०२० रोजी कळलं. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. रायगडातल्या वाड्यांची दैना झालीच, पण मंडणगड आणि दापोली तालुक्यांतही नारळ-सुपारी आडवी झाली. आमच्या आजोबांनी लावलेली झाडं एका दुपारी गेली. आंब्याचं कलम मोडलं तर निदान फांदी फुटते. सुपारी मोडली की संपली. नवीन रोप लावलं तर पीक यायला सहा-सात वर्षं लागतात, आणि कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही म्हणून आधी मध्ये केळी लावून सावली करावी लागते. एवढी वर्षं आगर काही देत नाही, फक्त मागतं. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांनी त्या वर्षी पुन्हा लावणीच केली नाही. ज्यांचं उत्पन्न गावात नव्हतं त्यांना लावायचं कारणही नव्हतं. आमच्याकडे लावणी झाली ती नंतर आलेल्या पाहुण्यांच्या पैशावर. आज ती सुपारी माथ्याच्या वर गेली आहे आणि पहिला शिंपुट धरू लागली आहे. हा जमाखर्च भावनेचा नाही. बाग वाईट वर्षी घराला पोसू शकत नाही, तेव्हा घराने बागेला पोसावं लागतं.

वेळासचं उदाहरण आमच्यापासून लांब नाही. मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणवीसांचं म्हणून इतिहासात आहे, पण आज लोक तिथे जातात ते कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली. ह्याच वसंताच्या महिन्यांत पिल्लं बाहेर पडतात, माणसं बघायला येतात आणि गावातल्या साध्या घरांत उतरतात, घरचं जेवण जेवतात. तिथे कोणी मोठं हॉटेल बांधलं नाही. लोकांनी घरातली खोली दिली आणि जेवणाचं ताट दिलं. ज्या किनाऱ्यावर हे होऊ शकतं त्याच किनाऱ्यावर आपले मोहल्ले कुलपं लावून बसले आहेत.

ह्यावर आपल्या समाजातून जे आक्षेप येतात ते मी ओटीवर बसून ऐकले आहेत. पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा. पाहुण्याकडून पैसे? आपल्या दीनमध्ये मेहमानाचा हक्क सांगितला आहे. हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांनी अनोळखी पाहुण्यांपुढे भाजलेलं वासरू आणून ठेवलं, नाव-गाव विचारलं नाही. बरोबर आहे. पण मेहमान आणि मुसाफिर ह्यांत फरक आहे. आपल्या नात्यातला, ओळखीतला, दारात अडून आलेला माणूस मेहमान. त्याच्याकडून एक पैसा घेऊ नये. हदीसमध्ये मेहमानदारी तीन दिवसांची सांगितली आहे, त्यापुढचं ते सदका. जो माणूस ठरवून, स्वतःच्या आनंदासाठी, पैसे देण्याच्या तयारीने येतो, त्याला स्वच्छ खोली आणि पोटभर जेवण देऊन वाजवी दाम घेणं ही तिजारत आहे, आणि तिजारतीला आपल्यात कधी कमीपणा नव्हता. नबी करीम (स.) आणि हजरत खदीजा (र.) दोघेही तिजारतीतलेच. लाज पैसे घेण्याची नसावी, माप खोटं असण्याची असावी. कोळंबीचे पैसे घेऊन ताटात चार कोळंब्या टाकणं, ह्याची लाज वाटली पाहिजे.

तरी काही गोष्टी बिलात येऊ नयेत असं आमच्याकडे ठरलेलं आहे. आल्या आल्या दिलेलं कोकमाचं सरबत, पहिला चहा आणि झाडाखाली पडलेलं फळ. काजूचं बोंड, करवंद, पडका आंबा, जो वेचेल त्याचा. झाड लावणाऱ्याच्या झाडाचं फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तर तो त्याच्यासाठी सदका, ही हदीस आपण मदरशात पाठ केली होती. वानरांच्या बाबतीत अम्मी ती रोज स्वतःला ऐकवते.

दुसरा आक्षेप घरातल्या बायकांचा पडदा आणि दारू ह्यांचा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. घर घरच राहिलं पाहिजे. पण त्यासाठी कुलूप हा उपाय नाही, नियम हा उपाय आहे. पाहुण्यांच्या खोल्यांना वेगळं दार, जेवण मांडवात, माजघरात कोणी येणार नाही. दारू चालणार नाही, हे खोली ठरवतानाच फोनवर सांगायचं. आल्यावर सांगितलं तर वाद होतो, आधी सांगितलं तर ज्याला चालत नाही तो येत नाही. पहाटे अजान होते, हेही आम्ही सांगतो. अजूनपर्यंत अजानमुळे कोणी खोली सोडून गेलं नाही. कोंबड्याची तक्रार मात्र आली आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात हळू आवाजात सांगितला जातो. आपल्याकडे येणार कोण?

हा प्रश्न खरा आहे, त्याला गोड उत्तर देऊन उपयोग नाही. कोकणी मुसलमानांची आडनावं पाहा. मुकादम, खोत, दळवी, परकार, चौगुले. गावावरून, कामावरून, वतनावरून पडलेली, आणि शेजारच्या हिंदू घरांशी कितीतरी ठिकाणी जुळणारी. फोनवर आडनाव ऐकून माणूस निश्चिंत असतो. खोली ठरते, मासे कुठले मिळतील ते ठरतं. मग पैसे पाठवायचे म्हणून पूर्ण नाव विचारतो. पहिलं नाव ऐकलं की पलीकडे क्षणभर काही ऐकू येत नाही. त्यानंतर कोणी म्हणतं, बरं, पाठवतो. कोणी म्हणतं, घरी विचारून परत फोन करतो. तो परत फोन कधी येत नाही. मी स्वतः असे फोन घेतले आहेत. वर्गात पस्तीस मुलांना गप्प करणारी मी, त्या दोन सेकंदांच्या शांततेत काय बोलावं ते मला सुचत नाही.

म्हणून कितीतरी हितचिंतकांनी सल्ला दिला की पाटीवर घराण्याचं नाव नको. सागरछाया, निसर्ग, वनश्री असं काहीतरी ठेवा. फोनवर नुसतं आडनाव सांगा. पैसे एखाद्या दुसऱ्याच नावाच्या खात्यात घ्या. सल्ला देणाऱ्यांत आपलेही होते आणि शेजारचेही, आणि सगळ्यांच्या मनात आमचं भलंच होतं.

माझं मत ह्याच्या पूर्ण विरुद्ध आहे. नाव लपवून आलेला पाहुणा आपल्या दारात उतरतो तेव्हा भिंतीवरची आयत बघतो, अम्मीची ओढणी बघतो आणि त्याला समजतं. त्या क्षणी त्याला जर वाटलं की आपल्याला फसवलं, तर त्याचं काय चुकलं? त्याच्या मनात आधी थोडी शंका असेल, आपण तिला पुरावा दिला. आणि लपवण्याची सवय घरातल्या मुलांना लागते, हे मला शिक्षिका म्हणून जास्त जाचतं. जी मुलगी आईला फोनवर स्वतःचं नाव गिळताना रोज ऐकते, ती उद्या मुलाखतीत, वसतिगृहात, दुकानात तेच करणार. चार खोल्या रिकाम्या राहिल्या तर चालतील. आमच्या पाटीवर घराण्याचं आडनाव आहे आणि खाली भाभीचं पूर्ण नाव आहे. जो परत फोन करत नाही, त्याच्यासाठी ती खोली नव्हतीच.

आणि जे येतात त्यांच्याबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर हा लेख नुसत्या तक्रारीचा होईल. घाटावरचं एक निवृत्त जोडपं पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांनी फोनवर चारदा विचारलं, शाकाहारी मिळेल ना? भांडी वेगळी आहेत ना? भाभीने सांगितलं, भांडी वेगळी आहेत, चूल एकच आहे, तुम्ही विचार करून सांगा. ते आले. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, फणसाच्या कुयरीची भाजी, सोलकढी असं जेवले. तिसऱ्या दिवशी बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अम्मीला पुरणाचं प्रमाण सांगत होत्या. दर वर्षी त्याच आठवड्यात येतात. त्यांची मतं बदलली का, हे मी त्यांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. राहण्याची सोय ही काही सभा नव्हे. माणसं येतात, जेवतात, झोपतात, जातात. जाताना ह्या घराबद्दल त्यांच्याकडे स्वतःची माहिती असते, कोणीतरी पाठवलेली नसते. माझ्या दृष्टीने एवढं पुष्कळ आहे.

वेगळ्या भांड्यांचा विषय निघाला की आपले काही तरुण चिडतात. एवढं कशाला सोसायचं, म्हणतात. ह्यात मला अपमान दिसत नाही. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात दोन-दोन कोसांवर सराया बांधल्या, तेव्हा त्यांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांच्या उतरण्याची वेगळी सोय होती आणि हिंदूंच्या पाण्या-जेवणासाठी ब्राह्मण नेमलेले होते, असं जुन्या इतिहासात नोंदलेलं आहे. तो बादशाह होता, त्याला कोणाची भीती नव्हती. प्रवाशाला त्याच्या नियमाने जेवता यावं ही त्याची जबाबदारी होती. शाकाहारी माणसाला निर्धास्तपणे जेवता येणं आणि आपल्याला आपल्या नावाने खाऊ घालता येणं, ह्या दोन्ही गोष्टी एका मांडवात मावतात. एकच अट आहे. जे आहे ते खरं सांगायचं.

गेली काही वर्षं ह्या सगळ्यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे. आपला रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. सध्या तो वसंतात आहे. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला ईद. म्हणजे मोहोर, पाहुणे आणि रोजे एकदमच. भाभी पहाटे सहरी आटोपून नमाज पढते, सात वाजता पाहुण्यांना घावणे घालते, दुपारी मासे तळते. मीठ हाताच्या अंदाजाने. पाहुण्यांना रोजे आहेत हे कळलं की तेच संकोचतात. दुपारी जेवू का नको, असं करतात. अम्मी म्हणते, "रोजा आमचा आहे, भूक तुमची आहे. बसा बाबांनो, जेवा." संध्याकाळी खजुराची थाळी मांडवात येते तेव्हा जो असेल तो हात पुढे करतो. पण मी इथे स्पष्ट लिहिते, ह्या चित्रात जे सुंदर दिसतं ते एका बाईच्या कंबरेवर उभं आहे. म्हणून रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आम्ही खोल्या देत नाही. ऐन हंगामातलं उत्पन्न जातं, जाऊ दे.

ह्यापूर्वी रमजान ह्याच ऋतूत होता तो १९९३ साली. मी तेव्हा उर्दू शाळेत होते. मुंबईच्या दंगलीनंतर आमचे कितीतरी नातलग मुलाबाळांसह गावी येऊन राहिले होते. आज ज्या घरांना कुलपं आहेत त्या प्रत्येक घरात तेव्हा तीन-तीन कुटुंबं होती. पडवीत गाद्या, परसात चुली, आणि गावातल्या हिंदू शेजाऱ्यांकडून आलेली भाताची पोती. तेव्हा ह्या घरांनी आणि ह्या आगरांनी आपल्याला धरून ठेवलं. गाव म्हणजे काय, हे त्या वर्षी आपल्याला कळलं होतं. पुढे दिवस बरे आले, पैसा आला आणि गाव मे महिन्यातल्या पंधरा दिवसांचं झालं.

आता पैशाबद्दल. आपल्या घरांत पैसा बाहेरून येतो आणि पुरुषाच्या नावाने येतो. पाहुण्यांच्या सोयीत कष्ट घरातल्या बाईचे असतात, खातं मात्र पुन्हा नवऱ्याचं असतं, असं मी दोन-तीन ठिकाणी पाहिलं आहे. हे चालणार नाही. भाजी चिरण्यापासून चादरी धुण्यापर्यंत जिचे हात, नोंदणी तिच्या नावाने आणि पैसे तिच्या खात्यात. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आहे, राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, आणि २०२३ मध्ये खास महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आलं आहे. त्यात महिला उद्योजकांच्या कर्जावरच्या व्याजासाठी मदतीची तरतूद आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या किती बायकांनी ह्यांची नावं तरी ऐकली आहेत? जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत इतक्या गोष्टींची सूचना दिली जाते. एकदा हीही द्यावी, आणि घरी जाऊन बायकोला सांगा असंही म्हणावं. मदतीला शेजारच्या वाडीतली बाई येत असेल तर तिचा रोज ठरलेला असावा आणि संध्याकाळी हातात पडावा. कामकऱ्याचा घाम वाळायच्या आत, हे आपण सांगतो तर खूप.

एक इशाराही द्यायला हवा. घर उघडा म्हणजे घर पाडून रिसॉर्ट बांधा असं मी म्हणत नाही. आमच्याच पंचक्रोशीत पन्नास-साठ वर्षांची कलमं तोडून पोहण्याचा तलाव झाला आहे. त्या तलावाचं पाणी ज्या जमिनीतून उपसतात, तिच्यातच शेजाऱ्याची विहीर आहे. बाग ठेवून जेवढे पाहुणे झेपतील तेवढेच घ्यावेत. विहीर किती आहे ते बघून खोल्या ठरवाव्यात. पाहुणा आपल्याकडे येतो तो तलावासाठी नव्हे. त्याच्या शहरात तलाव आहेत. त्याच्याकडे नाही ती सकाळी सुपारीतून येणारी हवा, हर्णैच्या लिलावातून संध्याकाळी आणलेली मासळी आणि आढीतला आंबा.

मुलांना मराठीचा धडा शिकवताना मी त्यांना कधी कधी बागेतच शब्द शोधायला लावते. बाग हा शब्द फारसीतून आला. मुक्काम अरबीतून. हापूस हे नाव पोर्तुगीजांकडून आलं, काजू नावासकट त्यांच्या जहाजातून ब्राझीलहून आला. मिरची समुद्रापलीकडची, पपई समुद्रापलीकडची, सुपारीच्या सावलीत लावतो ते जायफळ पूर्वेच्या बेटांवरचं. आज ह्यांच्याशिवाय कोकण म्हणून दाखवा. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, कोकणच्या मातीचं फळ म्हणून. बाहेरून आलेलं नाव आणि इथल्या मातीची मोहोर, दोन्ही एकाच आंब्यावर. मुलं हे ऐकतात तेव्हा मला त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

ईदला आणि मे महिन्यात पुष्कळजण गावी येतील. त्यांना माझी विनंती आहे की ह्या खेपेला घर नुसतं झाडून परत कुलूप लावू नका. सगळं घर नको, एक खोली घ्या. तिचं छप्पर बघा, संडास नीट करा, विहिरीचा गाळ काढा. निसर्ग वादळात पडलेल्या जागी रोपं लावा आणि मध्ये केळी लावायला विसरू नका. गावात राहणारी बहीण, भावजय, विधवा काकी, नोकरी न मिळालेली पदवीधर पुतणी, कोणीतरी असेलच. चावी तिच्याकडे द्या आणि खातंही तिच्या नावाने उघडा. शेजारच्या वाडीतल्या माणसाला बागेच्या कामात भागीदार करा, ठेकेदार नको. पाटी रंगवाल तेव्हा नाव पूर्ण लिहा.

पहिल्या वर्षी फार कोणी येणार नाही. सुपारीला सात वर्षं देतो आपण, ह्याला दोन-तीन द्यायला काय हरकत आहे?